तंगुसात ओवलेली पोत

माझ्या हातची गाठ सुटत नाही, असं नांदेडात आमच्या कॉलनीतल्या बायका एकमेकींना सांगतात. पूर्वी ते कानावर आलं की मला गुदगुल्या व्हायच्या. आता कुणी तसं म्हणालं की मी विषय बदलते, चहा टाकते, नाहीतर सरळ सांगते, बाई, ऑर्डर द्यायची तर द्या, कौतुक नको. त्यांना वाटतं मला शिंगं फुटली. वाटू दे.

मण्यांच्या माळा ओवायचं काम मी घरीच करते. मोती, काच, भाजलेल्या मातीचे मणी, काळे मणी, जे येईल ते. मोबाईलवर फोटो टाकायचे, बायका पसंत करतात, कुरिअरवाला पुडकं घेऊन जातो. ऐकायला सोपं आहे. ज्याने कधी बारीक मणी गाठवलेले नाहीत त्याला सगळंच सोपं वाटतं. काळ्या मण्याचं भोक सरळ कधी नसतं. सुई अर्ध्यात अडकते. ओढली तर वाकते, दाबली तर मणी फुटतो आणि त्याची कणी बोटात शिरते. दोरा जाड घ्यावा तर मण्यातून जात नाही, बारीक घ्यावा तर चार दिवसांत त्याला लव सुटते. मण्याला चिकटून गाठ बसवायची तर फासा सैल ठेवायचा, त्यात सुईचं टोक घालायचं आणि तो हळूहळू मण्यापर्यंत ढकलत न्यायचा. मधेच आवळला गेला की मणी आणि गाठ यांच्यात फट राहते. ती गाठ उकलायला जावं तर दोरा चुरतो, मग सगळं कापून पहिल्यापासून. एकेका माळेपायी मी रडलेली आहे. नवरा म्हणायचा, मण्यांसाठी कुणी रडतं का? रडतं.

हे सगळं मला पहिल्यांदा दाखवलं ते लातूरच्या चाचांनी. चाचा पटवेकरी. सोनाराने घडवलेला दागिना दोऱ्यात ओवून, गाठवून देणं हा त्यांच्या घराचा पिढ्यांचा धंदा. गंजगोलाईजवळ सोनारांच्या दुकानांच्या ओळीत एका ओट्यावर ते बसायचे. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातात, आणि दोन्ही हात गाठी मारत असलेले. आमचं गाव चाकूर तालुक्यात. दर वर्षी संक्रांतीच्या आधी आई एस.टी.ने लातूरला यायची आणि आपली पोत, म्हणजे मंगळसूत्र, नव्या दोऱ्यात ओवून घ्यायची. मी बरोबर असायची. आईची पोत काळ्या मण्यांची, दोन पदरी. मधे सोन्याच्या दोन वाट्या आणि वाट्यांच्या दोन्ही अंगांना एकेक लाल पवळं.

पोत ओवून होईपर्यंत सवाष्णीचा गळा मोकळा ठेवायचा नाही, म्हणून तेवढ्या वेळापुरतं पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून ते गळ्यात घालायचं, ही आमच्याकडची रीत. चाचा मुसलमान, पण आई ओट्याशी टेकली की कात्री उचलायच्या आधी ते पहिल्यांदा विचारायचे, "माय, हळकुंड बांधलं का?" ती विसरलेली असली तर त्यांच्या डबीत एक हळकुंड असायचंच.

पुढे चाचांची नजर अधू झाली. ऑपरेशन झालं, चष्मा आला, पण सुईचं नेढं काही दिसेना. ओटा सुटला आणि ते घरी बसले. तोवर मी नांदेडला संसार थाटलेला होता, माझ्या माळा बायकांच्या गळ्यात मिरवत होत्या. मीच आईला म्हणाले, घरात कारागीर असताना बाहेर कशाला विचारत फिरायचं, आण तुझी पोत इकडे.

आणि कारागिरी म्हणजे काय, ते मी दाखवून दिलं. वाट्यांच्या बाजूची ती लाल पवळी मला बुरसट वाटली. हल्लीच्या डिझाइनमध्ये वाट्यांना चिकटूनच काळे मणी येतात, तेच नाजूक दिसतं. मी पवळी काढून एका डबीत टाकली. आई म्हणाली, "राहू दे की गं, पहिल्यापासून हायत ती." मी म्हणाले, "आई, तुला यातलं काही कळत नाही." हे वाक्य मी हसत हसत म्हणाले होते. हसत म्हटलं म्हणून ते कमी उद्धट होत नाही.

पोत पहिल्यांदा तुटली ती एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. मणी पत्रावळीवर पडले. आमच्याकडे पोत तुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, त्यामुळे कुजबुज सुरू झाली ती "वाढली, वाढली" अशी. आत्या समोरच्याच ओळीत होती. आत्या म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न होऊन तीन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. आमच्या घरात दुधाचं भांडं चुलीवर कधी चढायचं तेही आत्या ठरवायची. ती आईकडे न बघता शेजारणीला म्हणाली, "धन्यावर ध्यान असलं म्हंजी न्हाई वाढत."

मी पुन्हा ओवून दिली. या वेळी गडबडीत होते, एका शाळेच्या गॅदरिंगची मोठी ऑर्डर हातात होती. चाचा प्रत्येक मण्यामागे गाठ मारायचे, म्हणजे तुटली तरी एखाद-दुसराच मणी गळेल. मी दर दहा मण्यांमागे मारली. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं.

दुसऱ्यांदा ती तुटली लातूरच्या दवाखान्यात. आप्पांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना तिथे आणलेलं. त्यांना तपासणीसाठी आत नेलं, दार बंद झालं, आणि आई बाकावरून उठली तशी पोत खळकन ओघळली. काळे मणी सगळ्या फरशीवर पसरले. खुर्च्यांखाली, लिफ्टच्या फटीत, लोकांच्या चपलांखाली. माझी आई, साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यांवर रांगत ते वेचत होती आणि एका हाताने मोकळा गळा पदराने झाकत होती. मला म्हणाली, "हळकुंड बघ कुठं मिळतंय का." दवाखान्यात हळकुंड कुठून मिळणार? मी खाली धावले, समोरच्या किराणा दुकानातून हळकुंड आणलं. दोऱ्याचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. एका नर्सबाईने जखमेला बांधायच्या पट्टीची चिंधी फाडून दिली, तिच्यात ते बांधलं.

आत्या हे सगळं बघत उभी होती. सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धनी आत हाय आन् हिच्या गळ्यातलं गळून राहिलं. काय म्हणावं ह्या बाईला!"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आत्या, पोत मी ओवली, गाठी मी चुकवल्या, आईचा काय संबंध, एवढंच म्हणायचं होतं. मी मूग गिळून बसले. कारण तिथे आमचे दहा नातेवाईक होते आणि मी त्यांच्यातली नावाजलेली कारागीर होते. आईच म्हणाली, "माझ्याच हातानं वढली गेली आसंल, वन्स." मला तिने डोळ्यांनी गप्प बसवलं, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे गप्प बसवायची गरजच नव्हती.

आप्पा त्या वेळी वाचले. पण आईला एक सवय लागली. चालताना, वाकताना, बसमध्ये चढताना तिचा डावा हात छातीवर, पोतीवर. भाकरी थापतानासुद्धा मधेच पिठाचा हात वर जाऊन चाचपून यायचा. तिच्या सगळ्या ब्लाउजना गळ्यापाशी पिठाचे, हळदीचे डाग दिसायला लागले. लग्नाकार्यांना ती जाईनाशी झाली. आप्पांना जरा खोकला आला तरी आत्याची नजर आधी आईच्या गळ्याकडे जायची. मी ठरवलं, काही झालं तरी ही पोत आता तुटता कामा नये. आईला त्या बायकांपुढे पुन्हा रांगावं लागता कामा नये.

मी चाचांच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं, चाचा खाटेवर होते. मी पोत त्यांच्या हातात दिली. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून त्यांनी ती बोटांनी वाचली, एकेक मणी. वाट्यांपाशी येऊन थांबले.

"पवळं कुठं गेलं?"

"काढलं मी, चाचा. जुनाट दिसत होतं."

"बेटी, पवळं दिसायला न्हवतं तिथं. सोन्याची कड लई बेकार चीज. घासून घासून सुरीवानी होती, मग दोऱ्याला कापती. मधी पवळं आसलं की कड पवळ्यावर घासती, दोऱ्यावर न्हाई. तुपल्या दोऱ्याचा कसूर न्हाई ह्यात."

म्हणजे पंगतीतले ते बोल, दवाखान्यातलं ते रांगणं, सगळं माझ्या डिझाइनमुळे होतं. हे मला त्या खाटेशी बसून कळलं आणि कळल्यावर मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, चाचांचा आला. इतकी वर्षं ओवत होतात तेव्हा सांगता आलं नाही का? मी म्हणाले, "पवळं घालीन, पण दोराही पक्का पाहिजे. तंगुसात ओवू का?"

तंगूस म्हणजे मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी. चाचांनी पोत माझ्या हातात परत ठेवली.

"नक्को. गळ्यात तंगूस घालत न्हाईत. बाईमाणसाला शंभर कामं. म्हशीच्या शिंगात आडकंल, मळणीयंत्रात पदरासंगं जाईल. वढ बसली की दोरा तुटला पायजे. दोरा तुटायसाठीच आसतो, बेटी. त्यो न्हाई तुटला तर मग गळा ऱ्हातो मधी."

मी हो हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना हो म्हणतात तसं. आईकडे म्हैस कधीच विकून झाली होती आणि मळणीयंत्रापाशी जायचं तिचं वय राहिलं नव्हतं. चाचांचं सगळं ज्ञान मला म्हशींच्या काळातलं वाटलं.

विष्णुपुरीच्या धरणाकडे मासे धरणारे बसतात, त्यांच्यातल्या एकाकडून मी तंगूस घेतला. हाताला गुळगुळीत, डोळ्यांना दिसत नाही. "केवढा मासा धरायचा, ताई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मोठा.

ती पोत ओवायला मला तीन दुपारी लागल्या. तंगूस हट्टी असतो. त्याला गाठ राहत नाही. मारली की हळूच पीळ सोडतो आणि आपण बघत असतानाच सरळ होतो. एकेका मण्यामागे मी तीन-तीन वेढ्यांची गाठ मारली, पकडीने आवळली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यांत मीठ लागलं की स्वयंपाक नको व्हायचा. शेवटची मानेमागची गाठ तर मी मेणबत्तीवर धरून वितळवली, म्हणजे ती कधीच, कुणालाच, कशानेच सुटू नये. पवळी घातली नाहीत. तंगुसाला सोनं काय कापणार, या ताठ्यात. मग नवऱ्याला एक टोक दिलं, एक मी धरलं, आणि आम्ही दोघांनी जोर लावून ओढलं. तो हसून म्हणाला, ट्रॅक्टर ओढेल याने. मी त्याचा व्हिडिओ काढून आईला पाठवला.

आई ती पोत घालून आरशापुढे उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने ती हलकेच ओढून पाहिली. मग जरा जोराने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता मी गेले तरी ही न्हाई तुटायची." ती हसली. सवाष्ण म्हणून आपण आधी जाणार, हे तिचं कायमचं ठरलेलं होतं. त्यानंतर ती दोन लग्नांना गेली. पिठाचे डाग गेले. तिचे दोन्ही हात कामाला मोकळे झाले, आणि माझ्या आयुष्यात मला माझ्या हातांचा एवढा अभिमान परत कधी वाटला नाही.

मधल्या काळात गावात एक चांगली गोष्ट झाली. ग्रामसभेने ठराव केला, नवरा गेला तर बाईची पोत तोडायची नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मारुतीच्या पारावर सभा झाली, सगळ्यांनी हात वर केले, गावाच्या ग्रुपवर फोटो आला. फोटोत पहिल्या ओळीत आत्या होती, हात सगळ्यांत उंच. मी त्या फोटोला टाळ्या वाजवणारे हात पाठवले. आजही तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी पुसलेला नाही.

आप्पा गेले ते सकाळी, दात घासताना, हौदापाशी. मला फोन आला तेव्हा मी एका माळेच्या गाठी मारत होते. लोहा, अहमदपूर करत मी गावात पोचले तेव्हा दुपार झाली होती. आप्पांना आंघोळ घालून अंगणात ठेवलेलं होतं. आईला त्यांच्या पायाशी आणून बसवलं होतं, नवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. बाईला एवढं नटवतात ते कशासाठी, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं.

मी सरपंचबाईंकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होत्या. ठराव पंचायतीच्या कपाटात होता, आणि अंगणात आत्या होती.

आधी बांगड्या झाल्या. मग कुंकू. मग आत्याने पोतीत बोटं घालून हिसका दिला.

पोत तुटली नाही.

आईची मान पुढे आली, तेवढंच. बायकांच्यात चुळबुळ झाली. आत्याने पुन्हा दिला. या वेळी आई अख्खी पुढे खेचली गेली, आणि तिच्या तोंडातून सकाळपासून पहिल्यांदा आवाज निघाला. आणखी एक बाई पुढे आली. एकीने आईचे खांदे धरले आणि दोघींनी मिळून ओढलं. माझा नवरा आणि मी ओढलं होतं, अगदी तसंच. तंगूस आईच्या मानेत, मागच्या बाजूला रुतला. पांढऱ्या केसांखाली एक लाल रेघ उमटली आणि ती लुगड्याच्या काठापर्यंत वाहत आली.

इथे मी काय केलं ते मला लिहायचं आहे, बाकी सगळं त्यासाठीच लिहिलं.

मी पुढे झाले. सगळ्यांना वाटलं, लेक आता अडवणार. सरपंचबाईंनीसुद्धा मान वर केली. माझ्या पर्समध्ये मोबाईल होता, त्यात तो फोटो होता. मला फक्त "नको" म्हणायचं होतं. मी म्हणाले, "थांबा. ती तुटायची नाही. मी काढते."

आत्या बाजूला झाली. "तूच ओवलीस, तूच काढ," ती म्हणाली.

मी आईच्या मागे बसले. मानेवरचे केस बाजूला केले. गाठ शोधली, ती मी वितळवून दगड केलेली होती. घरातली कात्री आणली, ती बोथट, तिच्या पात्यांतून तंगूस निसटायचा आणि प्रत्येक वेळी जखमेवर घासायचा. आई प्रत्येक घासण्याला आत श्वास ओढायची. शेवटी कुणीतरी आप्पांच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड आणून दिलं. सकाळी दात घासून ते दाढीच करणार होते. त्या ब्लेडने मी माझ्या आईची पोत कापली.

मणी सांडायला हवे होते. दर वेळी सांडतात, लोक त्यांच्यावरून चालत जातात. माझ्या पोतीतून एक मणी गळला नाही. प्रत्येक मण्यामागे तीन वेढ्यांची गाठ होती. अख्खी पोत जशीच्या तशी माझ्या हातात आली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लई पक्कं काम केलं बाई पोरीनं."

आत्याने वाट्या कापून घेतल्या आणि काळे मणी आप्पांच्या छातीवर ठेवले. मग ती आईच्या मानेवर हळद दाबत बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मपली पोत एका हिसक्यात तुटली व्हती. सुतात व्हती." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी तिचा राग करायचा होता, तोही तिने नीट करू दिला नाही.

जखम चिघळली. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाने झालं. आई म्हणाली, कपडे वाळत घालताना तारेनं. माझ्यासाठी ती दवाखान्यात दुसऱ्यांदा खोटं बोलली, आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसले. आता तिथे एक पांढरी, फुगीर रेघ आहे. मानेच्या मागे असल्यामुळे तिला दिसत नाही. तिच्यामागून चालताना मला दिसते.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी आईला नांदेडला आणलं. एक दिवस ती माझ्या मण्यांच्या डब्यांपाशी येऊन बसली. तिचा डावा हात पुन्हा छातीवर जायला लागला होता, तिथे काही नसलं तरी. म्हणाली, "ती पवळी फेकलीस का गं?"

फेकली नव्हती. मी डबी काढली.

"त्यातच साधे काचेचे मणी घालून मला एक माळ करून दे. गळा लई मोकळा वाटून राहिला. आन् हे बघ, तसल्या दोऱ्यात नको."

मी लातूरला चाचांकडे गेले. त्यांनी विचारलं, आई कशी हाय. मी सगळं सांगितलं, ब्लेडचंसुद्धा. त्यांनी खाटेखालून एक जुना डबा ओढला, चाचपून त्यातली रेशमाची एक गुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. "हे घे. हे तुटतं," म्हणाले.

मी माळ ओवली. हिरवे काचेचे मणी, मधे दोन लाल पवळी, प्रत्येक मण्यामागे एक गाठ. आईने ती हातात घेतली. मला वाटलं गळ्यात घालेल. तिने ती दोन्ही मुठींत धरली आणि मला काही कळायच्या आत जोरात हिसका दिला. रेशीम तुटलं. दोनच मणी पडले, बाकी गाठींनी धरून ठेवले.

आई वाकली, ते दोन मणी उचलले, पदराला पुसले आणि तुटलेल्या माळेसह माझ्या ओंजळीत ठेवले.

"हां," ती म्हणाली. "आता आलं बघ तुला ओवायला. परत आसंच ओव."